कोठीघरातलं इंटरनेट

भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा अक्कांनी माझा पगार विचारला नाही, आडनावावरून जात काढली नाही, मांसमच्छी शिजवणार का हेही विचारलं नाही. स्टीलच्या लोट्यातून कॉफी पुढं केली आणि विचारलं, "तुझा ई-मेल कुणाचा?"

"माझाच."

"तुझा कसा? राहतो कुणाकडं तो?"

मी कंपनीचं नाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही. हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या खिशात ती कंपनी असणारच. अक्कांनी मान हलवली. "म्हंजे तिथंही तू भाडेकरूच. तिथला मालक तुला कधी दिसायचा नाही, आणि उद्या बाहेर काढलं तर कारण सांगायचा नाही. इथली मालकीण समोर बसलीय. तेवढाच फरक. खोली बघ, पटली तर सांग."

आता खरं सांगणं भागच होतं. म्हणाले, "अक्का, मला नोकरी त्याच कंपनीत लागलीय. बेळ्ळंदूरला."

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कॉफीचा घोट घेऊन म्हणाल्या, "सरी. शत्रूकडचं एक माणूस घरात असलेलं बरंच की."

अशी मी बेंगळुरात येलहंक्याला राहायला गेले. खरं तर ऑफिसपासून ते गाव भलतंच लांब. पण माझ्या आईला परमुलखात मराठी घर हवं होतं, आणि तिला फोनवर अक्कांचं बोलणं ऐकून धीर आला होता. ते मराठी आईला अर्धंच कळलं असावं. अक्कांच्या घराण्याला बेंगळुरात येऊन कित्येक पिढ्या झाल्या होत्या. "घोडदळामागनं आलो आणि परत जायचं विसरलो," असं त्या सांगायच्या. त्यांच्या मराठीत 'बरं'ला 'सरी', 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'नको'ला 'बेडा' हे कन्नड शब्द इतके सहज येत की काही महिन्यांत मीही भाजीवाल्याला 'नको' ऐवजी 'बेडा' म्हणू लागले. मी साताऱ्याची, हे त्यांना कितीदा सांगितलं. त्यांच्या लेखी बेळगावच्या वरचं सगळं पुणंच.

अक्का सरकारी टेलिफोन खात्यात इंजिनियर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अंबाड्यात खोचलेला टेस्टर काही निघाला नव्हता. सुती साडी, पायात पुरुषी सँडल, आणि अंबाड्यात तो पिवळ्या मुठीचा टेस्टर. देवळात गेल्या तरी तसाच. पुजाऱ्यानं एकदा गाभाऱ्यातला दिवा लागत नाही म्हणून सांगितलं, तर त्यांनी प्रदक्षिणा मधेच थांबवून आधी स्विच उघडला, नीट केला आणि मग जिथं थांबल्या होत्या तिथून प्रदक्षिणा पुढं सुरू केली.

त्यांच्या कोठीघरात, लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या आणि तांदळाचा डबा यांच्या मधे, एक जुना कॉम्प्युटर कायम चालू असायचा. त्याला शेजारी बॅटरी जोडलेली, वर धूळ बसू नये म्हणून धुतलेलं धोतराचं फडकं. अक्कांचा ई-मेल त्या कॉम्प्युटरवर राहायचा. तिथंच आमच्या गल्लीची वेबसाइटही राहायची. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, वर कन्नड, खाली मराठी. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, नळवाल्याचा फोन, कुणाकडं चांगलं तूप मिळतं, कुणाचं मांजर हरवलं. चित्र नाही, जाहिरात नाही. तुम्ही ते पान उघडलंत हे कुणालाही कळायचं नाही, अक्कांनाही नाही. "मला कशाला कळायला पाहिजे?" त्या म्हणायच्या. "फळ्यावर लिहिलेलं कुणी वाचलं ते फळा लिहून ठेवतो काय?"

त्या जुन्या वळणाच्या होत्या, त्यांना नवं काही नको होतं, असं कुणाला वाटेल. तसं अजिबात नव्हतं. मीही सुरुवातीला तशी चूक केली. जेवताना सहज म्हणाले, "अक्का, तुम्हाला इंटरनेटचा इतका राग का?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "राग? अगं, या गावात त्या तारा जमिनीखाली घातल्या तेव्हा मी गुडघाभर चिखलात उभी होते. पोटात पोर होतं. माझा साहेब म्हणाला, घरी जा. मी म्हटलं, जोड लागल्याशिवाय जायची नाही. ह्या गावचं बोलणं त्या गावाला जावं, मधे कुणी ऐकू नये, कुणी अडवू नये, एवढ्यासाठी ते सगळं. आता चार जण येऊन म्हणतात, इंटरनेट म्हणजे आम्ही. तुम्ही कधी झाला रे? रस्ता आम्ही केला, तुम्ही त्यावर दुकान टाकलं. टाका. रस्ता तुमचा कसा?"

एवढं बोलून त्यांनी घास उचलला. मी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

त्यांच्याबरोबर कुठं जायचं म्हणजे परीक्षा असायची. एकदा त्यांना दवाखान्यात न्यायला मी माझ्या फोनवरून रिक्षा मागवली. उतरताना रिक्षावाला मला म्हणाला, "मॅडम, पाच स्टार द्या." अक्कांनी उतरायचं थांबवलं. कन्नडमधे त्याला म्हणाल्या, "मला विचार की. मी मागं बसले होते." तो गोंधळला. "गाडी छान चालवतोस," अक्का म्हणाल्या, "पण ब्रेक फार उशिरा मारतोस. माझ्या कमरेला कळलं. आणि सिग्नलला त्या म्हातारीला जाऊ दिलंस, ते चांगलं केलंस." रिक्षावाला हसला आणि म्हणाला की, इतक्या वर्षांत कुणी सवारीनं असं तोंडावर सांगितलं नव्हतं. नंतर मी फोनवर पाच तारे दिले. अक्कांनी ते पाहिलं.

दुसरी गोष्ट 'मी सहमत आहे' या बटणाची. माझ्या फोनवर काहीतरी नवं आलं, मी नेहमीप्रमाणं अंगठा टेकवणार, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "थांब. कशाला सहमत?" मग रविवारची सगळी सकाळ त्यांनी माझ्याकडून तो करारनामा मोठ्यानं वाचून घेतला. कॉफी दोनदा झाली. माझा घसा बसला. ज्या कंपनीचा पगार मी घेत होते तिचाच तो करार, आणि मी तो आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. शेवटी अक्का म्हणाल्या, "आता दाब. ते चूक म्हणत नाही मी. पण कशावर अंगठा उठवतोय ते तोंडानं एकदा तरी म्हणावं माणसानं."

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. त्याची किंमत काय होती ते मला पुढं कळलं.

अक्कांचा एकुलता एक मुलगा परदेशात होता. दर आठवड्याला त्या त्याला लांबलचक मेल लिहीत. त्यात गल्लीच्या बातम्या, त्याच्या शाळासोबत्यांची लग्नं, अंगणातल्या कढीपत्त्याची तब्येत. काही महिने त्याचं उत्तर येईना. त्याला वेळ नसेल, असं त्या म्हणत. मग म्हणेनाशा झाल्या. एका सकाळी घरातला जुना फोन वाजला. मुलगा होता. "अम्मा, तू रागावलीस का माझ्यावर? मी इथं घर घेतलं म्हणून लिहायचं बंद केलंस?"

घोटाळा असा होता की, त्याचा ई-मेल होता आमच्या कंपनीकडं. अक्कांचा होता कोठीघरात. कंपनीच्या यंत्राला कोठीघरातून येणारी पत्रं संशयास्पद वाटली. त्यानं ती सगळी कचऱ्याच्या पत्रांत टाकली, लॉटरीच्या आणि खोट्या औषधांच्या जाहिरातींबरोबर. मुलाला पत्ता नाही, आईला पत्ता नाही.

"अम्मा, तू यांचा एक पत्ता घेऊन टाक," मुलगा म्हणाला. "फुकट आहे. एका मिनिटाचं काम. मग काही अडणार नाही."

अक्कांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "माझं पत्र माझ्या मुलापर्यंत जायला मी त्यांच्याकडनं ओळखपत्र घ्यायचं?"

फोन ठेवल्यावर त्या कोठीघराच्या उंबऱ्यावर बसल्या. कॉम्प्युटरचा पंखा आत घरघरत होता. मी जवळ गेले. त्या म्हणाल्या, "खरं सांगू, पोरी? आत्ता एकदा वाटलं, द्यावं सोडून. काय मिळवतेय मी?" डोळे पुसायला त्यांनी पदर घेतला नाही, तळहातानंच पुसले. मग उठून आत गेल्या आणि कंपनीला लिहायला बसल्या. कुठल्या नियमानं, कुठल्या खुणेवरून माझी पत्रं अडवता, ते इंजिनियरच्या भाषेत मुद्देसूद विचारलं. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं. मुलगा मात्र शिकला. दर आठवड्याला तो कचऱ्यातून आईचं पत्र शोधून बाहेर काढायचा, आणि रविवारी घरच्या फोनवर बोलायचा. अक्कांनी पत्ता काही घेतला नाही.

लताक्का आमच्या पलीकडच्या घरात राहायच्या. पन्नाशीच्या, हसऱ्या, भांडणाला भिणाऱ्या. होळगी म्हणजे पुरणपोळ्या, कोडबळे म्हणजे तांदळाची तिखट कडी, संक्रांतीचा तिळगूळ आणि साच्यातली साखरेची चित्रं त्या ऑर्डरप्रमाणं करून द्यायच्या. सगळा धंदा आमच्या कंपनीच्या एका पानावर चालायचा. गिऱ्हाईक तिथं, फोटो तिथं, लोकांनी लिहिलेली कौतुकं तिथं. आणि आणखी एक गोष्ट तिथं होती. लताक्कांच्या आईला शेवटच्या वर्षांत त्यांनी स्वयंपाक करताना फोनवर टिपलं होतं. साखरेचा पाक कधी उतरवायचा, साच्यातून हत्ती न मोडता कसा काढायचा, हे ती म्हातारी आपल्या आवाजात सांगायची, मधेच मुलीला रागवायची. आई गेली. पुढं तो फोनही पाण्यात पडून गेला. ते व्हिडिओ राहिले फक्त त्या पानावर.

संक्रांत जवळ आली होती, लताक्कांनी तीळ भाजायला घेतले होते, आणि एका सकाळी पान बंद झालं. 'तुम्ही आमच्या नियमांचा भंग केला आहे.' कोणता नियम, ते लिहिलेलं नव्हतं. तक्रार करायला खात्यात जा म्हणे, आणि खातं तर बंद.

लताक्का माझ्याकडं आल्या. "तू तिथंच आहेस ना गं?"

मी तिथंच होते, पण तिथं माझ्यासारखी माणसं अशी रचलेली होती की एकाला दुसऱ्याचा दरवाजा ठाऊक नसावा. मी जाहिरातींच्या विभागात. तरी अर्ज केला, ओळखीच्यांना विचारलं. आतून उत्तर आलं की, कर्मचाऱ्यांनी ओळखीच्या लोकांसाठी विशेष मार्ग वापरू नये, संबंधितांनी नेहमीच्या पद्धतीनं तक्रार करावी. मी ते लताक्कांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ऑर्डरी गेल्या तर जाऊ देत. पण आई तिथं आहे गं."

अक्का पायरीवर बसून ऐकत होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुझं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे?"

"मधल्या तीन मजल्यांवर."

"खाली दार आहे ना? उद्या आम्ही येतो."

लताक्का घाबरल्या. "नको अक्का, भांडण नको."

"भांडायला कोण चाललंय? बसायला चाललोय."

दुसऱ्या दिवशी लताक्का आल्या नाहीत. अक्का एकट्या आल्या. हेब्बाळला बस बदलून, रिंग रोडच्या त्या गर्दीतून, माझ्या ऑफिसच्या काचेच्या इमारतीसमोर त्या उतरल्या तेव्हा मी वर कामाला बसले होते. पुढचं मला खालच्या रखवालदाराकडून कळलं. त्यानं विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"माणसाला," अक्का म्हणाल्या.

त्यानं त्यांना पाहुण्यांच्या नोंदीच्या पडद्यापुढं उभं केलं. पडद्यानं कंपनीचं खातं मागितलं. खात्याशिवाय आत जायची चिठ्ठी निघेना. अक्कांनी रखवालदाराला विचारलं, "खातं बंद झालं म्हणून तक्रार करायला आत जायचं, तर आधी खातं दाखवायचं. बरोबर समजले ना मी?" तो बिचारा म्हणाला, "अम्मा, मी नुसता दारावर." अक्का म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही, बाबा," आणि दाराजवळच्या मऊ पांढऱ्या सोफ्यावर बसल्या.

त्या दिवसांत अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगांचा हंगाम होता. अक्कांनी पिशवीतून शेंगा काढल्या, मांडीवर ताट घेतलं आणि दाणे सोलायला लागल्या. अवरेच्या ताज्या शेंगांना एक तेलकट, रानटी, भूक चाळवणारा वास असतो. बेंगळुरात वाढलेल्या माणसाला तो लांबूनच कळतो. एसीच्या थंड हवेत तो वास लिफ्टपर्यंत पसरला. लिफ्टमधून उतरणारी माणसं थबकायची, नाक वर करायची, आणि हसायची.

दुपारी माझा मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. "खाली एक बाई बसलीय. तुझं नाव घेतलं नाही तिनं, पण ती मराठी बोलते म्हणतात. ओळखतेस?"

"हो. माझी घरमालकीण."

"तिला जायला सांग."

"ती माझं ऐकत नाही," मी म्हणाले. "पण मी खाली जाते."

लिफ्टनं खाली गेले. नोकरी मला हवी होती, घरी साताऱ्याला धाकटा भाऊ शिकत होता. अक्कांनी मला पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "वर जा तू. तुला मी आणलं नाही यात." मी गळ्यातलं ओळखपत्र काढलं नाही, लपवलंही नाही. सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसले, पिशवीतल्या शेंगा ओंजळीत घेतल्या आणि सोलायला लागले. जेवणाची सुट्टी माझी होती. ती कुठं बसून घालवायची, हे माझ्या करारात लिहिलेलं नव्हतं. त्या रविवारनंतर नोकरीचा तो करारही मी वाचून काढला होता.

अक्का रोज येऊ लागल्या. हिशेबखात्यातली हासनची एक मुलगी दुपारी येऊन बसायची. तिला अवरेचा वास आला की आई आठवायची. एकानं येऊन फोन समोर धरला. म्हणाला, "आंटी, व्हिडिओ करतो. टाकला की लाखो लोक बघतील. उद्या काम होईल." अक्कांनी तळहातानं कॅमेरा झाकला. "माझं होईल. ज्याचा व्हिडिओ कुणी करत नाही, त्याचं काय होईल? बेडा, बाळ. मी तमाशा नव्हे. मी दारात बसलेली आहे, आणि आतल्यानं दार उघडायचंय. एवढंच."

मला एका खोलीत बोलावून एका बाईनं वागणुकीचे नियम वाचून दाखवले. मी ऐकून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत खाली बसणं कोणत्या नियमात येतं, असं विचारलं. त्या बाईनं पानं उलटली आणि म्हणाली की, तसा नियम सध्या नाही.

शेवटी एक तरुण अधिकारी खाली आला. चांगले कपडे, दमलेला चेहरा. अक्कांनी त्याला आधी नाव विचारलं. त्यानं सांगितलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "इतक्या दिवसांत नाव असलेला पहिला तू."

तो इंग्रजीत म्हणाला की, कंपनी वैयक्तिक प्रकरणांवर बोलू शकत नाही. अक्कांनी इंग्रजीतच, टेलिफोन खात्याच्या खणखणीत इंग्रजीत, उत्तर दिलं. ते मराठीत असं होतं: "तुझी गुपितं मला नकोत. कुठला नियम मोडला तेही सांगू नकोस, तुलाही ठाऊक नसेल. त्या घरात एका बाईची आई आहे. तुम्ही बाहेरून कुलूप घातलंय. एकदा दार उघडा. ती आईला बाहेर घेऊन येईल. मग हवं तर कायमचं बंद करा."

 हातातला फोन त्यानं खिशात ठेवला. आणि हळूच विचारलं, "त्यांचं पान कोणत्या नावानं आहे?" अक्कांनी सांगितलं. तो वर गेला.

त्यानंतर काही दिवसांनी लताक्कांना एका ओळीचा मेल आला. खातं पूर्ववत केलं आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कारण नव्हतं, सही नव्हती. लताक्का धावत आल्या. अक्कांच्या ओट्यावर बसून त्यांनी व्हिडिओ लावला. म्हातारी पाकात चमचा बुडवून म्हणत होती, "लते, तुझं लक्ष कुठाय?" लताक्का पदरात तोंड खुपसून रडल्या.

अक्कांनी रडून होईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाल्या, "ऊठ आता. आईला बाहेर काढायचंय." दुपारभर आम्ही तिघी कोठीघरात होतो. पानावरचं सगळं, एकूणएक फोटो, गिऱ्हाइकांचे पत्ते, आईचे व्हिडिओ उतरवून घेतले. एक डिस्क लताक्कांकडं गेली, एक अक्कांच्या लोखंडी कपाटात, साड्यांखाली. गल्लीच्या वेबसाइटवर लताक्कांचं पान तयार झालं. संक्रांतीच्या ऑर्डरींपैकी अर्ध्या तोवर गेल्या होत्या. त्या भरून काढायला अक्कांनी स्वतः ऑइलपेंटनं आपल्या भिंतीवर लताक्कांच्या दाराकडं बाण काढला: तिळगूळ इथं मिळेल.

लताक्कांनी भीत भीत विचारलं, "अक्का, मग कंपनीचं ते पान मी सोडू का?"

मला वाटलं, अक्का 'सोड' म्हणतील. त्या म्हणाल्या, "कशाला? बाजार तिथं भरतोय, तर तिथं बस आणि विक. पण घराची किल्ली बाजारात ठेवून येऊ नकोस."

महिन्याभरानं एका सकाळी मी ऑफिसला गेले, तर खाली सोफे नव्हते. सगळे उचलले होते. जागा मोकळी, चकचकीत, काठाला कुंड्या. भिंतीवर पाटी लागली होती: प्रवेशकक्षात थांबू नये. मी ते घरी येऊन सांगितलं. अक्का वांग्याचे काप करत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "फरशी आहे ना अजून?"

त्याच सुमाराला गल्लीतले एक निवृत्त मास्तर अक्कांकडं येऊन बसायला लागले होते. त्यांचा फोन नंबर बदलला आणि त्यांचं कंपनीचं खातं त्यांनाच ओळखेना. पेन्शनचे कागद, नातवंडांचे फोटो, आयुष्यभर लिहिलेल्या कन्नड कविता आत. मास्तर आवाज न चढवणारे. "जाऊ दे, अक्का," ते म्हणायचे. "यंत्रापुढं आपण काय करणार?"

"यंत्र कुठाय? माणसंच आहेत की, मास्तर. वरच्या मजल्यांवर लपलीत."

मास्तरांचं खातं काही उघडलं नाही. हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की अक्का गेल्या की दार उघडायचंच. तसं नव्हतं. पण त्याच्यासाठी त्या दर सोमवारी आमच्या ऑफिसला जात राहिल्या. मी पुढं नोकरी बदलली, व्हाइटफील्डला राहायला गेले. लताक्का फोनवर सांगतात की अजून जातात, आणि आता गल्लीबाहेरची माणसंही बरोबर असतात.

मला आठवतो तो सोफे गेल्यानंतरचा पहिला सोमवार. मी माझ्या मजल्याच्या काचेतून पाहिलं. रिंग रोडवर बस थांबली. आधी अक्का उतरल्या, काखेत घडीची लोखंडी खुर्ची. त्यांच्या मागून मास्तर उतरले, छत्री घेऊन. आणि सगळ्यांत मागून, दोन्ही हातांत दुसरी खुर्ची छातीशी धरून, लताक्का. 'भांडण नको' म्हणणाऱ्या लताक्का.

मी लिफ्टची वाट न पाहता जिन्यानं खाली आले. अक्कांनी प्रवेशकक्षाच्या बरोबर मधे खुर्ची उघडली होती आणि त्यावर मास्तरांना बसवलं होतं. दुसरीवर त्या स्वतः बसल्या. खुर्ची देऊन लताक्का मागं सरून दारातच उभ्या राहिल्या होत्या. रखवालदार तोच होता. त्यानं पाटीकडं बोट केलं आणि कन्नडमधे म्हणाला, "अम्मा, इथं बसायचं नाही. ही जागा कंपनीची आहे."

"जागा कंपनीची," अक्का म्हणाल्या. "खुर्ची माझी. बसलेय मी. तिन्हींतल्या दोन गोष्टी आमच्या आहेत. आता सांग, कुणी कुणाला उठवायचं?"

त्यानं वर कॅमेऱ्याकडं पाहिलं, मग मास्तरांच्या पांढऱ्या केसांकडं. "सरी, अम्मा," तो म्हणाला, आणि आपोआप उघडमीट करणारं काचेचं दार लताक्कांना लागू नये म्हणून हातानं धरून उभा राहिला.